आडव्याची चार बोटं

आमच्या घरात माणसं पाच, आणि सोप्यातली सगळ्यात लांब भिंत मात्र एका लाकडाने अडवलेली. सागवानी, मनगटाएवढं जाड, सात हात लांब, दोन्ही टोकांना पितळेच्या शेंब्या. भिंतीतल्या तीन खुंट्यांवर ते आडवं पडलेलं असे, म्हणून त्याचं नावच आडवा. त्याच्यावर ओला पंचा टाकायचा नाही, त्याला शिंकं टांगायचं नाही, त्याच्याखाली पाय पसरून बसायचं नाही. धाकट्या भावाला एकदा कांजिण्या आल्या तेव्हा आईने त्याची झोळी आडव्याला बांधली. आबांनी घरात आल्या आल्या आधी झोळी सोडली आणि मग विचारलं, पोरगं कसं हाय. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. आबा तसे होते.

आबा गवंड्यांच्या जमातीचे थोरले मेस्त्री. जमात म्हणजे जात नव्हे, हे आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं. गवंडी, पाथरवट, सुतार, चुन्याची घाणी चालवणारे मुसलमान, कौलं शाकारणारे, असे गावात जे जे कुणी घर उभं करत ते सगळे जमातीत. नवा माणूस घेताना त्याच्या हातात चुन्याने माखलेली थापी द्यायची आणि जिभेवर गुळाचा खडा ठेवायचा, एवढंच. कागद नाही, अंगठा नाही. अमावास्येला जमातीतला कुणी स्वतःचं काम करत नसे. त्या दिवशी गावाचं काम. घाटाचा हललेला दगड बसवायचा, विहिरीचा कठडा बांधायचा, पूर ओसरला की एकेका घराच्या भिंतीला ओळंबा लावून बघायचा. दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन भिंतीलगत सोडून आबा एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "उभी हाय." तेवढं ऐकल्याशिवाय पुरात भिजलेल्या घरात बाई चूल पेटवत नसे. आणि जमातीतल्या कुणी लबाडी केली, तर त्याचा ओळंबा वर्षभर काढून घेत. ओळंबा गेला म्हणजे त्या माणसाने भिंत उभी करायची नाही, दुसऱ्याच्या हाताखाली चुना कालवायचा. माझ्या आठवणीत तसं एकाच माणसाचं झालं होतं, आणि तो शरमेने मुंबईला निघून गेला.

आडव्याचं काम वर्षातून एक दिवस, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पुढे हलगी, मागे जमातीची दोन माणसं आडव्याची दोन टोकं धरून, तो गल्लीच्या रुंदीत आडवा, गुडघ्याच्या उंचीवर ठेवून, घाटापासून पेठेपर्यंत प्रत्येक गल्लीतून चालत जायची. आडवा सुखाने पुढे गेला तर गल्ली मोकळी. कुणाच्या ओट्याला, पायरीला अडला, तर तिथल्या तिथे पाथरवट घण काढणार आणि पुढे आलेलं तेवढं फोडणार. मग तो ओटा पाटलाचा असो नाहीतर न्हाव्याचा. आमच्या जन्माआधी पेठेत आग लागली होती म्हणे, आणि पाण्याची पिंपं घेऊन आलेली गाडी कुणाच्या तरी ओट्याला अडकून बसली. ती निघेपर्यंत गल्लीची एक बाजू जळून गेली. तेव्हापासून आडवा. ज्या वर्षांबद्दल मी सांगते आहे त्या वर्षांत सरकार नेमकं कुणाचं हे आम्हा पोरांना कळत नसे. कचेरीत साहेबाचं सरकार होतं, रानात भूमिगत पोरांचं सरकार होतं आणि गल्लीत आडव्याचं. पहिल्या दोघांची मला भीती वाटत नसे, कारण ती आमच्या सोप्यात झोपायला नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाला, घाटाकडून वर आलं की पहिलं घर हमिदाखालाचं. खाला बांगड्या भरायची. तिच्या ओट्यावर बसून गावातल्या निम्म्या बायका आपापल्या सासवांना शिव्या देऊन गेल्या असतील, आणि उरलेल्या निम्म्या सुनांना. आदल्या पावसाळ्यात तिच्या ओट्याचा दगड खचला, तर दसऱ्याचा आडवा फिरून गेल्यावर तिने कुठूनशी मोठी शहाबादी फरशी आणवली आणि कुणाला न विचारता दोन हमालांकडून ओट्यावर बसवून घेतली. फरशी गुळगुळीत, गार, बसायला फार छान. खालाची नात नूरी आणि मी, आम्ही दोघींनी त्या फरशीच्या पुढच्या कडेला आबांच्या छिन्नीने चल्लसचा पट कोरला. पाच घरं आडवी, पाच उभी, कवड्या टाकून सोंगट्या फिरवायच्या. अख्खा उन्हाळा आम्ही कोरत होतो. फुटक्या बांगड्यांचे तुकडे आमच्या सोंगट्या, माझ्या हिरव्या, तिच्या लाल. गावात मातीवर, खडूने, कोळशाने आखलेले पट पुष्कळ होते. दगडात कोरलेला पट आमचाच. त्याचा मला जेवढा ताठा होता तेवढा पुढे माझ्या पोरांचाही वाटला नाही, हे खरं सांगते.

भाद्रपदात एकदा आबा कामावरून येताना खालाच्या ओट्यापाशी थांबले. त्यांनी उकिडवं बसून फरशीच्या कडेवर आडवी बोटं टेकवली.

"खाला, चार बोटं भायेर हाय."

"असू दे की. माझी बोटं त्याहून लांब हायेत."

"आडव्याला अडंल."

"अडला तर अडला. तुमी जाताना जरा तिरका धरा, मेस्त्री."

"तिरका धरायला ती काय पालखी हाय?" आबा म्हणाले आणि निघून गेले. चार पावलं पुढे सुभेदारांचा नवा ओटा होता, काळ्या घडीव दगडाचा. सुभेदार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, मिशा वळलेल्या, आणि आवाज असा की त्यांनी बायकोला पाणी मागितलं तरी गल्लीतली कुत्री उठून उभी राहात. आबांनी तिथेही बोटं टेकवली. "तीन," ते स्वतःशीच म्हणाले. सुभेदार आतून ओरडले, "मेस्त्री, मोजा मोजा! माज्या दगडाला घण लावणारा अजून जन्माला यायचाय." आबा घराकडे वळले. मी मात्र परत खालाच्या फरशीकडे धावले आणि माझी चार बोटं कडेवर ठेवून बघितली. पटाची पुढची पूर्ण ओळ त्या चार बोटांत जात होती. पाच घरांची ओळ गेली की चल्लस खेळता येत नाही. सुभेदारांच्या तीन बोटांचा मी विचारच केला नाही. तिथेच माझं चुकलं.

खंडेनवमीला जमातीच्या घरोघरी हत्यारांची पूजा. थापी, करणी, ओळंबा, गुण्या, छिन्न्या, करवत, सगळं धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली, आणि मधोमध जमिनीवर आडवा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. हात लावायचा नाही म्हणजे कुणी हत्यारांकडे बघणारही नाही, असा मी त्याचा अर्थ काढला. आबा पूजा आटोपून जमातीतल्या इतर घरी पानाला गेले. आई मागच्या पडवीत पाट्यावर पुरण वाटत होती. मी नूरीला हाक मारली, तिला आडव्यावर घोड्यावर बसवावी तशी बसवली, पूजेतली पक्कड काढून शेंबीचा चुका, म्हणजे बारका खिळा, उपटला आणि करवत चालवायला लागले. आईचा वरवंटा पुढे गेला की माझी करवत पुढे, वरवंटा मागे आला की करवत मागे. मधेच आई पुरण सारखं करायला थांबली तर मीही थांबले आणि नूरीने श्वास कोंडून धरला. चार बोटांचा तुकडा पडला. मग टोक शेंबीत बसावं म्हणून मी ते पटाशीने तासलं, तर जास्तच तासलं गेलं आणि शेंबी खुळखुळायला लागली. तेव्हा परकराच्या घोळाचा तुकडा फाडून आत कोंबला, चुका ठोकला, वरून हळदकुंकू फासलं. भुसा झेंडूखाली सारला. तुकडा शेणीच्या ढिगात. नूरी म्हणाली, "हौसे, पाप लागंल." मी म्हटलं, "तुला न्हाई लागायचं, तू मुसलमान हायेस, ही पूजा आमची." तिला ते पटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आडवा निघाला. एका टोकाला आबा, एका टोकाला चुन्याच्या घाणीचे हुसेनचाचा, मागे घण खांद्यावर टाकून भाऊ पाथरवट. भाऊ पाथरवट म्हणजे आबांच्या खालोखालचा माणूस, कायम कपाळाला आठ्या, आणि आबांच्या जागी आपण असायला हवं होतं असं त्याचं ठाम मत. खालाच्या ओट्यापाशी सगळी गल्ली जमलेली. आडवा आला, फरशीच्या कडेला केस जाईल एवढं अंतर ठेवून सरकत पुढे गेला. आबांचं पाऊल किंचित अडखळलं. त्यांनी फरशीकडे बघितलं, पण आडवा जे सांगेल ते खरं, आपली बोटं खोटी, अशी त्यांची शिकवण होती, आणि ते चालत राहिले. खालाने मात्र फरशीकडे बघितलं नाही. तिने शेंबीकडे बघितलं, मग माझ्या नखांत राहिलेल्या कुंकवाकडे. आणि मग आडवा सुभेदारांच्या काळ्या ओट्यापाशी पोहोचला. भाऊ पाथरवटाने घण खांद्यावरून खाली घेतला होता. आडवा तिथूनही गेला. एक बोट राखून गेला.

सुभेदार स्वतःच चकित झाले. मग सावरून ते मोठ्याने हसले, आणि आनंदाच्या भरात त्यांनी जी गोष्ट केली तिने आबांचा घात केला. दुपारी त्यांनी आमच्या घरी पातेलंभर मटण पाठवलं. आबा घरी नव्हते. आईला वाटलं दसऱ्याचं असेल. तिने ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या आणि आम्ही तिघं भावंडं रस्सा भुरकून भुरकून खाल्ला. असा तांबडा रस्सा मी नंतर कधी खाल्ला नाही, आणि आता दातही राहिले नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला वास लागला. पाणवठ्यावर बायका आईला विचारायला लागल्या, "काय गं, बोकड गोड हुतं का?" पारावर कुणीतरी म्हणालं की गरिबाचा ओटा फुटतो आणि सुभेदाराच्या ओट्यापाशी आडवा आकसतो. खालाचाही ओटा सुटला होता, पण ते सोयीने कुणी आठवत नव्हतं. भाऊ पाथरवट मात्र तोंडावर बोलला. आमच्याच सोप्यात येऊन, उभ्या उभ्या.

"मेस्त्री, त्या दगडाला तीन बोटं भायेर मी सवता मोजलीत. आडवा खुणेला लावा."

"लावू की," आबा म्हणाले. "पाणी उतरू दे. अमावास्येला समद्यांच्या म्होरं लावू. कमी भरला तर माजा ओळंबा तुमचा."

खूण म्हणजे काय ते सांगायला हवं. घाटाच्या अकराव्या पायरीवर दोन खाचा कोरलेल्या होत्या, आडव्याची मूळ लांबी. पावसाळाभर ती पायरी कृष्णेच्या पाण्याखाली असे आणि दिवाळीच्या सुमारास वर येई. मला ती खूण लहानपणापासून माहीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि करवत हातात असताना आठवणं वेगळं.

त्यानंतरचे दिवस मी पायऱ्या मोजण्यात घालवले. सकाळी कळशी घेऊन घाटावर जायचं आणि बघायचं. सातवी पायरी कोरडी. आठवी ओली. मी कृष्णामाईला नारळ बोलले, पाणी वाढव म्हणून. सगळं गाव पेरणीसाठी उघडीप मागत होतं आणि मी पूर मागत होते. दोन दिवस ढग आले, वर कराडच्या बाजूला पाऊस झाला म्हणे, आणि पाणी खरंच एक पायरी चढलं. मी देवळात जाऊन अर्धा नारळ आगाऊ ठेवून आले. तिसऱ्या दिवशी पाणी दोन पायऱ्या उतरलं. आबासुद्धा रोज घाटावर यायचे. ते मजेत असायचे. "उतरतंय," ते भेटेल त्याला सांगायचे, "उतरतंय चांगलं." स्वतःच्या फजितीकडे इतक्या उत्साहाने जाणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

मग मी ठरवलं, तुकडा परत चिकटवायचा. सुताराकडून सरस मागून आणला, कशाला म्हणून विचारलं तर बाहुलीचा पाय म्हणून सांगितलं. शेणीच्या ढिगात हात घातला तर तुकडा नाही. आई चुलीपुढे बसून चकल्या तळत होती. "शेणीत कुठलं गं आलं सागवान?" ती आपणहून म्हणाली. "चार बोटांचं ढलपं हुतं, पर असं धडाडून जळालं! कडई लगेच तापली." तिने मला एक चकली दिली. खमंग झाली होती. दुसऱ्या बाजूला आईने उंदराचा पिंजरा मांडून ठेवलेला, कारण माझ्या परकराचा घोळ उंदरांनी कुरतडला असं मीच तिला सांगितलं होतं. त्या पिंजऱ्यात आठवडाभर रोज खोबऱ्याचा तुकडा लागत होता, आणि तो खायलाही मीच जात होते.

वसुबारसेच्या सुमारास खालाने मला ओट्यावर बोलावलं. नूरी आत पळाली. खालाने माझा हात धरला, बांगड्या भरताना दाबते तसा पंजा दाबला, आणि बांगडी काही घेतली नाही.

"ही फरशी माझी हाय का तुझी गं?"

"तुमची."

"माझी हाय तर तिच्यापायी खोटं बोलायला मी तुला सांगितलं व्हतं?"

"न्हाई."

"मग माझ्या जिवावर कशाला लबाडी केलीस? लोकं उद्या म्हनतील, खालानं पोरीला शिकवलं. आन् तुजा बाप तिकडं चुना कालवंल वर्षभर, भाऊच्या हाताखाली." तिने माझा हात सोडला. "जा. नख साफ कर आधी. कुंकू अजून तसंच हाय."

मी तिथून उठले ते सगळं सांगायचं ठरवून, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण मी चार दिवस काहीच सांगितलं नाही. घाबरले होते. आबांच्या ओळंब्याची दोरी आईने नवी वळून दिली, तीही मी मुकाट्याने बघितली.

अमावास्येला सकाळी सगळी जमात घाटावर. नवा परकर पाडव्यासाठी राखून ठेवलेला, म्हणून माझ्या अंगावर तोच घोळ फाटलेला. आई खालच्या पायरीवर धुणं धूत होती, धाकट्याला भूक लागली तर द्यायला पदराला दोन चकल्या बांधून. अकरावी पायरी नुकतीच वर आलेली, शेवाळ धरलेली. भाऊ पाथरवटाने ती खरवडली, खाचा मोकळ्या केल्या. हुसेनचाचांनी आडव्याचं एक टोक डाव्या खाचेत बसवलं. भाऊने दुसरं टोक टेकवलं, आणि ते खाचेत गेलं नाही. शेंबी अलीकडे, खाच पलीकडे, मधे नुसता ओला दगड. भाऊने त्याच्यावर आपली बोटं ठेवली. चार.

"पुन्ना लावा," आबा म्हणाले.

पुन्हा लावला. टोकं उलटी करून लावला. दगड काही बोटभरही जवळ आला नाही. आबांनी कमरेचा ओळंबा सोडला, नवी दोरी गुंडाळून नीट त्याच्याभोवती लपेटली आणि पायरीवर ठेवला. भाऊ पाथरवट, ज्याला मी तोपर्यंत जगातला सगळ्यात वाईट माणूस समजत होते, तो ओळंब्याकडे बघतच नव्हता. तो नदीकडे बघत होता.

"म्या कापला," मी म्हणाले.

"गप बस, हौसे," आबा वळूनही न बघता म्हणाले.

"खरंच म्या कापला. नवमीला. पूजेतल्या करवतीनं."

भाऊ म्हणाला, "बापावर जीव हाय, चांगलं हाय. पर ह्यात पोरींनी पडू नगं."

आता मला राग आला. इतक्या दिवसांनी खरं बोलावं आणि कुणी मानू नये! "शेंबी काढा," मी ओरडले. "आत चिंधी हाय. हिरवी. पांढऱ्या ठिपक्यांची."

भाऊने छिन्नीच्या टोकाने चुका उपटला, शेंबी ओढली. आतून हिरवी, पांढऱ्या ठिपक्यांची चिंधी लोंबायला लागली. सगळ्यांनी चिंधीकडे बघितलं, मग माझ्या परकराकडे. खालच्या पायरीवरून आईचा आवाज आला, "अगं माजे बाई! आन् म्या इतकं दिस उंदराला खोबरं घालती!"

हुसेनचाचा आधी हसले. मग एकेक जण हसायला लागला, घाट दणाणला. नूरी गर्दीत उभी होती, कुणी न विचारताच म्हणाली, "मी नव्हते." आबा हसले नाहीत. हसणं थांबल्यावर त्यांनी ओळंब्याकडे बोट केलं. "आडवा माज्या घरात मोडला. राखणारा मी. दंड माजा."

"ज्यानं कापला त्याला दंड," हुसेनचाचा म्हणाले.

"ती जमातीत कुठं हाय?" भाऊ म्हणाला. "भायेरच्याला जमात दंड करत न्हाई. कवाच केला न्हाई."

"मग घ्या की जमातीत."

"बाईमाणूस?"

आई तोवर धुण्याचा पिळा तसाच हातात घेऊन अकराव्या पायरीपर्यंत आली होती. "आवं भाऊ," ती म्हणाली, "गेल्या साली तुमच्या चौथऱ्याचा चुना कुणी कालवला? तवा बाईमाणूस चाललं व्हय?"

भाऊने आठ्या घातल्या. त्याने आबांकडे बघितलं, ओळंब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुणाला दंड करावा हे त्याला ठरवायचं होतं, आणि इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट त्याच्या पायाशी दोरी गुंडाळून पडली होती. "आना थापी," तो म्हणाला.

घाटावर थापी होती, चुना होता, गूळ कुणाकडे नव्हता. आईने पदराची गाठ सोडली. अशा रीतीने मी जमातीत आले, हातात थापी आणि तोंडात माझ्याच लाकडावर तळलेली चकली. चावायचं की नाही हे कळेना, कारण सगळे बघत होते. दंड दोन. एक माझा. आडवा नवा करायचा, तो पुन्हा गल्लीगल्लीतून फिरवायचा, आणि जिथे जिथे अडेल तिथे पहिला घाव मी घालायचा. दुसरा दंड आबांचा. आडवा यापुढे भाऊ पाथरवटाच्या घरी राहील. ओळंबा भाऊने स्वतः उचलून आबांच्या हातात दिला. आबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं पुस्तकांत लिहितात. मला तसं वाटत नाही. पण ते भाऊबीजेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि रिकाम्या खुंट्यांखाली आम्ही पाय पसरून झोपलो ते कुणालाच सुखाचं झालं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नवा आडवा निघाला. मी पुढे, हातात पाथरवटाचा लहान हातोडा. खालाची फरशी पहिली. शेंबी कडेवर टक् करून आदळली. मी हातोडा उचलला आणि तसाच धरून ठेवला, कारण समोर आमचा पट होता. पाच आडवी, पाच उभी.

"हाण की," खाला म्हणाली. "करवत चालवताना हात दुखला न्हाई, आता कशाला दुखतोय? आन् नीट हाण. फरशी मधनं फुटली तर तुज्या बापाकडून नवी घीन."

मी घातला घाव. पुढचं काम भाऊने केलं, छिन्नीने रेघ मारून, एका सरळ ओळीत. पटाची पुढची ओळ अख्खीच्या अख्खी निघाली आणि धुळीत पडली. मग चार पावलांवर सुभेदारांचा ओटा. शेंबी काळ्या दगडावर आदळली आणि सुभेदार दारात आले. मिशा ताणलेल्या. खाली बघतात तर हातोडा घेऊन मी, फाटका परकर शिवून नेसलेली. पलटणीत एवढी वर्षं काढलेला माणूस, पण पोरीच्या हातात हातोडा असताना काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"मेस्त्री," ते शेवटी म्हणाले, "पोरगीला म्होरं घातलीस व्हय रं?"

"पोरगी न्हवं," आबा आडव्याचं टोक धरून म्हणाले. "जमातीची हाय. घाल घाव, हौसा."

मी घातला. काळा दगड फरशीपेक्षा कितीतरी कठीण असतो, माझे हात कोपरापर्यंत झिणझिणले. सुभेदारांनी त्यानंतर आमच्या घरी कधी मटण पाठवलं नाही. ते मला लागलं.

आता त्या गल्लीतून मोटारी जातात आणि कुणाचा आरसा कुणाच्या भिंतीला घासतो म्हणून रोज भांडणं होतात. आडवा कुठे गेला ते भाऊच्या नातवालाही ठाऊक नाही. जमातीतून माझं नाव कुणी काढलं नाही, आणि काढणारेही आता राहिले नाहीत, तेव्हा मी अजून जमातीतच आहे असं धरते. तेव्हा फरशी फुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी नूरीने आणि मी पट मांडला. पाच घरं आडवी, चार उभी. पहिल्या डावात माझी हिरवी सोंगटी तुटलेल्या ओळीपाशी आली, पुढे घर नव्हतं, आणि दान तर पडलं होतं. नूरी म्हणाली, "थांब तिथंच." मी म्हटलं, दान पडलंय तर जायलाच हवं, आणि सोंगटी पुढे सारली. ती ओट्यावरून गल्लीत पडली आणि मागून येणाऱ्या बैलगाडीच्या चाकाखाली तिचा चुरा झाला. गाडी मात्र ओट्याला न घासता, सरळ निघून गेली. "मेली," नूरी म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत चल्लसचा तो नियमच झाला.